वस्त्रगाळ धूळ

तारापूर हें नांव उच्चारतांच परगांवच्या मनुष्यास १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत्‌केंद्र आठवतें. परंतु पालघर-बोईसरकडील घरांतून सकाळीं डबा घेऊन जीं माणसें बाहेर पडतात, त्यांपैकीं पुष्कळांचें पोट बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीवर चालतें. औषधें, रंग, रसायनें, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने तेथें आहेत. तेथील धुराविषयीं व सांडपाण्याविषयीं वर्तमानपत्रांतून बरेंच छापून येतें. कोरड्या भुकटीविषयीं मात्र क्वचित्‌च. वास्तविक गोणी फोडणें, वाळवणें, दळणें, चाळणें या प्रत्येक कामांत ती उडत असते, आणि कामगार तिच्यापुढें रुमाल बांधून उभा असतो.

आपल्या घरांतील स्त्रिया मिरच्या कुटतांना नाकाला पदर लावतात, त्याच समजुतीचा हा रुमाल. पण वैद्य चूर्ण कसें करितो तें आठवावें. कुटलेलें औषध तो फडक्यांतून गाळतो, आणि जें खालीं पडतें त्यालाच ‘वस्त्रगाळ’ म्हणतो. म्हणजे जें अतिसूक्ष्म तेंच फडक्यांतून पार होतें! जाड कण नाकांत व घशांत अडकून शिंकेबरोबर बाहेर पडतात. परंतु मिलिमीटरचा हजारावा भाग जो मायक्रॉन, तशा पांच मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचूं शकतात. आम्हां शिक्षकांच्या अंगावर जन्मभर खडू उडाला, पण खडू आणि पेनिसिलिनची भुकटी यांत महदंतर आहे. पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें, कांहीं कापडी रंग, साबणाच्या चुऱ्यांतील एन्झाइमें यांचें वावडें एकदां शरीरानें धरलें, कीं पुढें चिमूटभरानेंही दमा उसळतो. प्रारंभीं खूण साधी असते: कामाच्या दिवशीं खोकला व छातींत घरघर, सुटींत आराम. कापसाच्या धुळीचें याहून निराळें. तेथें सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशीं छाती आवळते. इटलीचा वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ हें विचारीत जा, असें वैद्यांस सांगितलें. डॉक्टरांनीं न विचारल्यास घरच्यांनीं आपण होऊन सांगावें. वावडें जडल्यावर उत्तम मुखपट्टीवरही विसंबूं नये. त्या मनुष्यास दुसऱ्या खात्यांत काम द्यावें, असा आग्रह धरावा.

रेस्पिरेटर म्हणजे श्वासरक्षक मुखपट्टी. ती चाळणी नव्हे. तिच्यांत अतिसूक्ष्म तंतूंचें जाळें असून तंतूंवर विद्युद्भार असतो. मोठे कण तंतूंवर आदळतात, अगदीं लहान कण भटकत येऊन चिकटतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडण्यास सर्वांत कठीण. ‘एन ९५’ मुखपट्टी त्यांतीलही शेंकडा ९५ अडवते. आपल्याकडे अशा मुखपट्ट्यांसाठीं आय. एस. ९४७३ हें मानक आहे. तो शिक्का पाहून घ्यावी. मात्र दाढीचे खुंट वाढलेले असले किंवा नाकाजवळची पट्टी दाबलेली नसली, तर सारी हवा फटींतूनच आंत शिरते. लावल्यावर दोन्ही हात कडांशीं धरून जोरानें श्वास सोडावा. बाजूनें वारा लागला तर ती पुनः बसवावी.

येथें गृहिणींस एक विनंति आहे. मुखपट्टी मळली म्हणून साबणानें धुऊं नका. धुतल्यानें तो विद्युद्भार जातो, आणि उरतें तें आपलें नेहमींचें फडकें. कामाचे कपडे मात्र निराळेच धुवावेत, व धुण्यापूर्वीं ते घरांत झटकूं नयेत. ती भुकटी पाळण्यापर्यंत पोंचते.

धुळीची ही मुखपट्टी वायूपुढें निरुपयोगी आहे. द्रावणांच्या वाफांस कोळशाचें डबडें लावलेली निराळी जात लागते. आणि बंद टांकींत, जेथें प्राणवायूच कमी असतो, तेथें दोन्हींचा उपयोग नाहीं, बाहेरून हवा पुरवावी लागते. या भेदाच्या अज्ञानानें माणसें गुदमरून मेलीं आहेत.

शिवाय मुखपट्टी हा शेवटचा उपाय. भुकटी उडते तेथेंच ती ओढून घेणारा पंखा व नळी बसवावी, हें १९४८ च्या कारखाने-कायद्यानेंही सांगितलें होतें. पंख्याला पैसा लागतो, मुखपट्टीला थोडा, रुमालाला कांहींच नाहीं. कायम नोकरांस मुखपट्टी आणि कंत्राटी मजुरास रुमाल, हा भेद कोठें कोठें दिसतो तो याच हिशेबानें. आपल्या घरांतील जे तरुण तेथें केमिस्ट वा सुपरवायझर आहेत, त्यांनीं आपल्या पाळींतील गोण्या फोडणाऱ्याच्या तोंडावर काय बांधलें आहे, तें उद्यां पाहावें.