पेशींना रविवार ठाऊक नसतो

खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'ॲक्ट्रेक' सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो. 'टाटा' म्हटलं की लगेच किक मारतो. महाराष्ट्रात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढे काही विचारावं लागत नाही. पण गावोगावच्या लोकांना माहीत असलेलं टाटा परळचं. खारघरच्या डोंगरांपाशी साठ एकरांवर पसरलेलं हे त्याचं दुसरं घर. पूर्ण नाव ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर. उपचार, संशोधन आणि शिक्षण हे तिन्ही शब्द त्या नावात आहेत, आणि आवारात चालत गेलं की तिन्ही एकामागोमाग भेटतात. फायलींची पिशवी छातीशी धरून बसलेले नातेवाईक, त्यांच्याजवळून बर्फाचा डबा घेऊन भराभर जाणारी पीएच.डी.ची मुलगी, आणि थोडं पुढे 'खानोलकर शोधिका' ही प्रयोगशाळांची इमारत. शोधिका! प्रयोगशाळेला इतकं नेमकं, इतकं गोड नाव मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

इथल्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या मोठ्या यंत्रांच्या, उद्घाटनांच्या, मंजुऱ्यांच्या. त्या महत्त्वाच्या आहेतच आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. पण संशोधन केंद्राचा संसार ज्यांवर चालतो, त्या बातम्या फार लहान असतात. त्या कळायच्या तर रविवारी सकाळी जावं.

रविवारी कॅन्टीनमध्ये गर्दी नसते. शोधिकेत मात्र कुणी ना कुणी असतंच, कारण पेशींना रविवार ठाऊक नसतो. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, म्हणजे फ्लास्कमध्ये, गाठीतून वेगळ्या करून वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी असतात. ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वर त्यांचं खाणं, ज्याला सगळे 'मीडिया' म्हणतात. ताजा मीडिया लालसर गुलाबी असतो. पेशी वाढल्या, खाऊन झालं, आम्ल साठलं की तो नारिंगी होतो आणि मग पिवळा. पिवळा दिसला की उशीर झाला. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच हिशेब करतात: सोमवारपर्यंत टिकतील, की रविवारी यावं लागेल?

यावं लागतंच. हात धुऊन, हातमोजे चढवून, त्यांवर अल्कोहोल मारून ती मुलगी हवा गाळणाऱ्या काचेच्या कपाटासमोर बसते. जुना मीडिया काढते, पेशी हलक्या हाताने धुते, पेशींची पकड सोडवणारं ट्रिप्सिन घालते आणि दोन-तीन मिनिटं थांबते. तळाला चिकटलेल्या, लांबट पेशी आकसून गोल होतात आणि सुटतात. फ्लास्कला तळहाताने हलकी थाप दिली की सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाळूसारख्या वाहताना दिसतात. थोड्या नव्या फ्लास्कमध्ये जातात, वर ताजा गुलाबी मीडिया. वहीत तारीख आणि पिढीचा क्रमांक लिहिला जातो. अर्ध्या तासाचं काम, पण त्यासाठी लोकलचा दीड तासाचा प्रवास करून येणारे आहेत. गणपतीला कोकणात जायचं असेल तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळं समजावून जायचं, अगदी घरची तुळस शेजारणीवर सोपवावी तसं. एकाच्या फ्लास्कमध्ये बुरशी शिरली तर ते ठेवतात त्या उबदार पेटीतल्या, म्हणजे इनक्युबेटरमधल्या, साऱ्यांना धोका, आणि कुणाची सहा-सहा महिन्यांची मेहनत त्यात जाते. त्यामुळे इथे एकमेकांच्या हाताच्या स्वच्छतेवर भरवसा ठेवावाच लागतो. माणसं जवळ येण्याचं एक कारण हेही असावं.

हे कौशल्य या संस्थेत आलं ते कमल रणदिवे यांच्यामुळे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी.चा विषय सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा होता. तिथून त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. खानोलकर म्हणजे भारतीय विकृतिशास्त्राचा पायाच. रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं होतं. त्याच्या सोबतीने संशोधनाची स्वतंत्र संस्था हवी या विचारातून १९५२मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

कमलताईंनी १९४९मध्ये पीएच.डी. केली आणि अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून निघालेल्या, आजही जगभर वाढत असलेल्या 'हीला' पेशी १९५१मध्ये ज्या प्रयोगशाळेत वाढल्या, तीच ही. शरीराबाहेर पेशी जिवंत कशी ठेवायची ही विद्या त्या जिथे जन्मत होती तिथे शिकल्या आणि परत आल्या. राहिल्या असत्या तर तिकडे मान मिळाला असता, साधनंही मिळाली असती. त्यांनी परळला देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं त्यांनी तपासलं, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं, पुढे संस्थेच्या संचालक झाल्या. १९७३मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. तिचं केंद्र वाशीला, खारघरपासून जवळच आहे. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामाला लागल्या. १९८२चं पद्मभूषण त्यांना मिळालं हे खरं. पण माझ्या मते त्यांचं मोठं देणं म्हणजे रविवारी सकाळी इनक्युबेटर उघडणारे हात.

परळची ती संस्था १९६६मध्ये रुग्णालयाबरोबर टाटा मेमोरियल सेंटरमध्ये एकत्र झाली आणि २००२मध्ये खारघरला आली. अणुऊर्जा विभागाची ही संस्था होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाची घटक असल्यामुळे पीएच.डी.ची पदवी त्या विद्यापीठाची मिळते.

माझी आजी पहाटे चुलीपाशी तव्यावर तंबाखू भाजायची. काळी झाली की हाताने चुरायची आणि डबीत भरायची. तो करपट वास म्हणजे आमच्या घरातली सकाळ. मशेरीत काही वाईट असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दात बळकट होतात, असंच सगळ्या बायका म्हणत. परळच्या याच संस्थेत मशेरी प्रयोगशाळेत आली. तिचा अर्क काढून, प्राण्यांवर प्रयोग करून ती कर्करोगजनक असल्याचे पुरावे इथल्या संशोधकांनी मांडले. परदेशातल्या प्रयोगशाळेला मशेरीचं नावही ठाऊक असायचं कारण नव्हतं. आपल्या घरातल्या डबीकडे बघायला आपलीच माणसं लागतात.

तोच धागा पुढेही दिसतो. गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या कडेला, म्हणजे तंबाखूची चिमूट जिथे दाबून ठेवतात नेमक्या तिथे होणारा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो. ॲक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जनुकविज्ञान संस्था यांनी मिळून ११० रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी केली. २०१३मध्ये ती 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आली. त्याआधीच्या वर्षी महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली होती. टपरीवर पुड्या तरीही मिळतच राहिल्या. खानोलकर शोधिकेत गाठींचे नमुने आजही येत आहेत, आणि हे लिहिताना मला खरोखर राग येतो.

आता मोठ्या बातम्या. ४ जून २०२१, करोनाची दुसरी लाट ओसरत होती. ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशात पहिल्यांदा कार-टी पेशींचा उपचार झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगी पेशींवरची खूण ओळखायला शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि परत त्याच शरीरात सोडायच्या. त्या पेशी पवईला आयआयटीत घडल्या आणि खारघरला रुग्णापर्यंत पोचल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने या उपचाराला मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचं लोकार्पण केलं. किंमत परदेशातल्या उपचाराच्या साधारण एक-दशांश. मजुरी करणाऱ्या घराला हा एक-दशांशही डोंगरच आहे, हे विसरून चालणार नाही. पण मला त्यात एक गोष्ट फार हलवून जाते. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवायची, वाढवायची, तिला काही होऊ द्यायचं नाही, ही जी विद्या कमलताई घेऊन आल्या ती सत्तर वर्षं रोग समजून घ्यायला वापरली गेली. आता त्याच विद्येने वाढवलेल्या पेशी औषध म्हणून माणसाच्या शिरेतून आत जातात.

२०२३पासून इथे प्रोटॉन उपचारही सुरू झाले. प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, गाठीपलीकडच्या निरोगी भागाला फारशी इजा करत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूजवळच्या गाठींसाठी हे केवढं मोठं आहे हे त्या मुलांच्या आयांनाच विचारावं.

पण शोधिकेतल्या माणसांचा आनंद आणि दुःख वेगळ्या ठिकाणी असतं. कुणाचा शोधनिबंध तिसऱ्यांदा परत आला. कुणाची शेवटची मौखिक परीक्षा झाली, आईवडील गावाहून पहिल्या रांगेत येऊन बसले होते, एकही शब्द न कळता शेवटपर्यंत डोळे लावून होते, आणि नंतर पेढे वाटले गेले. कुणी तंत्रज्ञ निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे त्या जुन्या यंत्राचा स्वभाव कळणारं कुणी उरलं नाही.

द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांत, पेशी वर्षानुवर्षं निजवून ठेवलेल्या असतात. बोटाच्या पेराएवढ्या कुप्या. प्रत्येकीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेलं: पेशीचं नाव, पिढी, तारीख आणि गोठवणाऱ्याची आद्याक्षरं. ती आद्याक्षरं ज्यांची, ते कधीच पीएच.डी. संपवून गेलेले असतात, कुणी बॉस्टनला, कुणी नागपूरला शिकवायला. नवी मुलगी कुपी बाहेर काढते. ती पटकन वितळवावी लागते. ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलवत राहायचं, आतला बर्फाचा शेवटचा कण जेमतेम उरेपर्यंत. मग पेशी मीडियात सोडायच्या आणि घरी जायचं. जगल्या की नाही ते उद्याच कळणार. रात्री झोप नीट लागत नाही. सकाळी बॅगही खाली न ठेवता ती थेट सूक्ष्मदर्शकापाशी जाते, आणि दोन मिनिटांनी प्रयोगशाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एकच शब्द येतो: 'चिकटल्या!'