जुना ट्रक, नवी बॅटरी आणि मूळचीं मापकें

मोटारींतील काटे हे चालकाचे डोळे होत. टाकींत पेट्रोल किती, वंगणाचा दाब किती, पाणी किती तापलें, हें त्याला बॉनेट न उघडतां त्यांच्याच योगानें कळतें. म्हणून ६ व्होल्टांचा जुना ट्रक १२ व्होल्टांवर नेतांना हे काटे खरें बोलत राहतील कीं नाहीं, हा प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हे. दाबाचा काटा खोटें बोलला तर एंजिनच गमवावें लागतें.

१९४७ सालीं निघालेल्या शेव्हरोले ट्रकाचें उदाहरण घेऊं. या कंपनीच्या गाड्या आपल्या मुंबईंत, शिवडीच्या कारखान्यांत, १९२८ सालापासून जोडल्या जात असत. १९५५ सालीं या ट्रकांत १२ व्होल्टांची योजना आली. त्यापूर्वींचे ट्रक सांभाळणारे लोक, दिवे प्रखर व्हावेत आणि स्टार्टर जोरानें फिरावा म्हणून, हाच बदल आतां आपल्या हातानें करतात.

या ट्रकांतील बहुतेक मापकांना बॅटरीशीं कर्तव्यच नाहीं. वंगणाच्या दाबाचा काटा १८४९ सालीं बूर्दां या फ्रेंच यंत्रज्ञानें शोधलेल्या वाकड्या नळीवर चालतो. आंत दाब वाढला कीं नळी सरळ होऊं पाहते आणि काटा फिरतो. पाण्याच्या उष्णतेचा काटाही तशाच नळीचा. वेगाचा काटा दोरीसारख्या फिरत्या तारेनें चालतो. यांना हात लावूं नये.

अँमीटर प्रवाह मोजतो, व्होल्ट नव्हे. तितक्याच उजेडास १२ व्होल्टांवर निम्मा प्रवाह पुरतो. म्हणून काटा पूर्वींपेक्षां कमी हलला तर तो बिघडला असें समजूं नये.

राहतां राहिला पेट्रोलचा काटा. त्यांत दोन वेटोळीं असतात. एक काट्यास 'रिकामी'कडे ओढतें, दुसरें 'भरली'कडे. टाकींतील तरंगता गोळा जसा वर चढतो तसा त्याला जोडलेला रोध शून्यापासून सुमारें ३० ओहमपर्यंत वाढतो आणि दुसऱ्या वेटोळ्याच्या वांट्यास अधिक प्रवाह येतो. काटा या दोन ओढींच्या प्रमाणावर ठरतो. दाब दुप्पट केला तरी दोन्ही ओढी सारख्याच वाढतात. म्हणून काटा जवळजवळ बरोबरच दाखवितो.

आणि फसगत होते ती येथेंच! काटा ठीक दिसतो, परंतु दाब दुप्पट झाला कीं प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. टाकी रिकामी असतां तर सगळा दाब पहिल्या वेटोळ्यावरच पडतो. कालांतरानें तें जळून जातें. यास्तव मापकाकडे जाणाऱ्या तारेंत दाब उतरविणारा रोध किंवा नियंत्रक घालावा. रोध तापतो, तो तारांच्या जुडग्यापासून दूर, मोकळ्या हवेंत बसवावा. टाकीकडील तारेस बॅटरी थेट कधींही जोडूं नये. तसेंच मापकाचें घर व टाकी या दोहोंचा सांगाड्याशीं धातूचा स्पर्श हवा. नवा रंग लावतांना हा स्पर्श बहुधा तुटतो, आणि दोष मात्र नव्या बॅटरीस लागतो.

परीक्षा सोपी आहे. टाकीकडील तार सोडवावी. काटा 'भरली'च्या पलीकडे जावा. तीच तार सांगाड्यास टेकवावी. काटा 'रिकामी'वर यावा. तसें झालें तर मापक निर्दोष असून दोष टाकीकडे शोधावा.

त्याच काळच्या फोर्ड ट्रकांची रीत निराळी. तेथें पेट्रोल, वंगण व उष्णता हे तिन्ही काटे विजेनें तापणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर चालतात. तेथें दाब स्थिर ठेवणारा नियंत्रकच बरा. शिवाय त्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. तें उलटविल्यास अँमीटरच्या तारांचीही अदलाबदल करावी.

तात्पर्य, प्रत्येक काटा कशाच्या बळावर हलतो हें आधीं ओळखावें, आणि मगच पकड हातीं घ्यावी.