नोकरी करणारी आई आणि दोन भावंडे

मुंबईतील एखाद्या कचेरीत काम करणारी स्त्री सकाळी आठाच्या सुमारास घर सोडते आणि दिवेलागणीस परतते. मधले दहा-अकरा तास तिची चार वर्षांची मुलगी व दीड वर्षाचा मुलगा आजीच्या किंवा पाळणाघराच्या स्वाधीन असतात. तिच्या मनाची टोचणी बहुधा एकच असते : मुले वाढत आहेत, पण ती वाढ डोळ्यांआड होत आहे. ही टोचणी खोटी नव्हे. बाळाचे पहिले पाऊल शेजारणीच्या तोंडून ऐकावे लागले, तर त्याचे दुःख कोणत्याही शास्त्राने पुसले जात नाही. परंतु ज्या घरात दोन मुले आहेत, तेथे या दहा तासांत आणखीही काही घडत असते. ती दोघे एकमेकांस वाढवीत असतात. आणि त्याच्या खुणा संध्याकाळी, आई चहाचे आधण ठेवीत असतानाही, स्पष्ट दिसू शकतात.

पहिली खूण भाषेची. धाकटा ‘बूब’ असे काहीतरी म्हणतो आणि कोणासच अर्थबोध होत नाही. ताई मात्र खुशाल सांगते, “त्याला गॅलरीतली कबुतरं बघायचीयत.” तीच ताई त्याच्याकडे वळून म्हणते, “बाळ, बघ! काऊ! भूर गेला!” आईशी बोलताना लांब वाक्य आणि बाळाशी बोलताना दोन-दोन शब्दांचे, हा भेद तिला कोणी शिकविलेला नसतो. मॅरिलिन शॅट्झ व रोशेल गेलमन या अमेरिकन विदुषींनी १९७३ साली नेमके हेच दाखवून दिले. चार वर्षांच्या मुलांना एक खेळणे समजावून सांगण्यास लावले, तेव्हा समोर दोन वर्षांचे मूल असले की त्यांची वाक्ये आखूड व सोपी होत, आणि “बघ”, “इकडे” अशी लक्ष वेधणारी बोलणी वाढत. त्यापूर्वी एवढ्या लहान मुलास दुसऱ्याच्या समजुतीचा विचार करता येत नाही, असे पुष्कळ जाणते मानीत. घरोघरच्या आज्यांना मात्र यात नवल वाटले नसते!

दुसरी खूण भांडणाची, आणि दमून आलेल्या आईस तीच सर्वांत नकोशी. दार उघडताच फिर्याद कानी येते. येथे धाकट्यास निव्वळ अजाण समजणे चुकीचे ठरते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्यूडी डन यांनी घरोघरी बसून भावंडांचे निरीक्षण केले. त्यात असे आढळले की दुसऱ्या वर्षातले मूल थोरल्यास नेमके कशाने डिवचता येईल हे ओळखते. भांडण जुंपले की ते थोरल्याची लाडकी बाहुली किंवा उराशी धरायची दुलई पळविते. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळल्यावाचून त्याची अचूक खोडी काढता येत नाही. म्हणून न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी आईने दोन मिनिटे नुसते पाहिले, तर या भांडणातही वाढ दिसेल. मारामारी किंवा चावाचावी झाली तर गोष्ट निराळी.

डन यांनी कॅरोल केंड्रिक यांच्यासमवेत १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील एक निष्कर्ष नोकरी करणाऱ्या आईस विशेष उपयोगी आहे. धाकटे जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ज्या माता थोरल्याशी तान्ह्याविषयी एक माणूस म्हणून बोलत, म्हणजे “तो का रडतो असं तुला वाटतं? भूक लागली असेल का?” असे विचारीत, त्या घरांतील थोरली मुले पुढे धाकट्याशी अधिक स्नेहाने वागली. हे बोलणे काही मिनिटांचे असते. पण ते योग्य वेळी व्हावे लागते. बाळंतपणाच्या रजेचे मोल येथे ध्यानी येते. मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी असा कायदा १९२९ साली झाला. १९६१ च्या देशव्यापी कायद्यातील बारा आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवडे करण्यात आली. ही रजा तान्ह्यासाठी दिली जाते असे समजतात. वस्तुतः थोरल्याच्याही आयुष्यात आई दिवसभर घरी असण्याचा हा बहुधा एकच दीर्घ काळ. घरकाम करून पोट भरणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या वाट्यास मात्र तो येतच नाही.

आणि येथेच एक धोका आहे. थोरली मुलगी बाळास इतके समजून घेते, तर तिच्यावरच त्यास का सोपवू नये, असा मोह होतो. गरिबाघरी तर तो मोह नसून निरुपाय असतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले, तेव्हा धाकट्यास कडेवर घेऊन बसल्यामुळे शाळेस मुकणाऱ्या मुली त्यांना दिसल्या. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला उभारलेल्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. भाऊ पाळण्यात आणि बहीण जवळच पाटीपुढे, अशी ती योजना होती.

शहरातल्या दोन खोल्यांत तेवढी सोय नसते. तरी रात्रीची भांडी आवरल्यावर धाकटा निजला असेल, तर आई ताईला घटकाभर एकटीला जवळ घेऊ शकते. त्या वेळी तिने बाळाविषयी काही विचारू नये. ताईला सांगावयाचे असेल, तर ती आपण होऊन सांगते; आणि नसेल, तर तिला स्वतःविषयी बोलावयाचे असते.