सुट्टीचा दिवस कोणाच्या वाट्याला?

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. मागची पालक सभा आम्ही मुद्दाम शनिवारी ठेवली, म्हटलं वडीलमंडळी येतील. वर्गात चौतीस मुलं, वडील आले चौघे. बाकी सगळ्या अम्मी आणि दादी. कोणाचे अब्बू गॅरेजमध्ये, कोणाचे हायवेवरच्या हॉटेलात, कोणाचे एमआयडीसीत, तर कोणाचे ट्रक घेऊन सोलापूरच्याही पुढे गेलेले. चौथीतला एक मुलगा सहज बोलून गेला, "सर, अब्बू येतात तेव्हा मी झोपलेला असतो."

सध्या मोबाईलवर चार दिवसांच्या आठवड्याच्या बातम्या येतात. टेंभुर्णीत बसून वाचलं की हसू येतं. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठवड्याची सुट्टीही एके काळी अशीच अशक्य वाटत होती.

मुंबईच्या गिरण्यांत कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' चालवणारे. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केलं. मागण्या बघा किती साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि पगार वेळेवर. सहा वर्षं मालक बधले नाहीत. शेवटी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली आणि पुढच्या वर्षी ती कारखान्यांच्या कायद्यात आली. रविवार आपल्याला इंग्रजांनी दिला, असं अनेक जण समजतात. मुलांना हे नाव जरूर सांगा. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी मर्यादा खाली येत गेली. तेव्हापासून गाडी ४८ वरच थांबली आहे.

आपल्या राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा होता. आता सगळे शनिवार मोकळे, पण रोजचं काम ४५ मिनिटांनी वाढलं : सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. हिशेब केला तर गंमत कळते. वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले, तास मात्र २०८८ वरून २११२, म्हणजे २४ तास जास्तच! तरी कर्मचारी खूश होते, कारण सलग दोन दिवस घर मिळतं. पोलीस, दवाखाने, शाळा यातून वगळल्या. आमच्याही वाट्याला तो आला नाही, ते असो. दाखल्यासाठी शनिवारी माढ्याला तहसीलला जाणाऱ्याला मात्र आता रोजगार बुडवून इतर वारी जावं लागतं. ही दुसरी बाजूही आहे.

म्हणून एक फरक नीट समजून घ्यायला हवा. दिवस कमी करून तास तेवढेच ठेवणं वेगळं आणि तासच कमी करणं वेगळं. रोज १२ तास राबून तीन दिवस सुट्टी, ही टेबलावरच्या कामाला कदाचित जमेल. भट्टीपुढे किंवा मशीनवर बाराव्या तासाला बोट जातं.

खरे तास कमी केले तर काय होतं? ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने पगार तोच ठेवून कामाचे तास घटवले. सुमारे २९०० कर्मचारी होते. आजारपणाच्या रजा ६५ टक्क्यांनी कमी झाल्या, नोकरी सोडणारे ५७ टक्क्यांनी घटले. ६१ पैकी ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. कंपन्या आपणहून आलेल्या होत्या, हे धरूनही आकडे लहान नाहीत. दमलेला माणूस चुका करतो, चुका निस्तरायला पुन्हा वेळ जातो, हे आम्हाला सातव्या तासाच्या वर्गावरूनही कळतं.

आखातात ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांना संयुक्त अरब अमिरातीचं माहीत असेल. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या केंद्र सरकारी कार्यालयांत साडेचार दिवसांचा आठवडा आला. शुक्रवारी दुपारी १२ ला काम संपतं, मग जुमा, मग शनिवार-रविवार. शारजाने तर शुक्रवारही पूर्ण सोडला. पण तिथे मजुरीला गेलेल्या आपल्या पोरांना हे तसंच मिळतं असं समजू नका. नियम सरकारी नोकरांचा आहे.

आता आपल्या गल्लीचं बोलू. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये २०२५ पर्यंत रोज ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक दिवस सुट्टी असं होतं. पण तेव्हाही तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच होता. दोन पोरांचं गॅरेज, चार माणसांची बेकरी, मटणाचं दुकान यांना तो पूर्ण लागतच नाही. तिथे सुट्टी द्यायची की नाही हे मालकाच्या मनावर. आणि तो मालक बऱ्याचदा आपलाच असतो, आपल्याच सफेत शेजारी नमाजला उभा राहणारा. सरकारकडे बोट दाखवायला इथे जागा नाही. "धंदा बुडेल" हे त्याचं म्हणणं अगदी खोटंही नाही, हायवेवरची गाडी थांबत नाही. पण दोन पोरं आळीपाळीने सुट्टीवर गेली तर शटर उघडंच राहतं. एका गॅरेजवाल्याने असं चार महिने केलंय. त्याच्याकडचं पोरगं आता ते गॅरेज सोडून दुसरीकडे जायचं नाव काढत नाही.

जे स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर, त्यांचं अवघड आहे. त्यांना आम्ही एवढंच सांगतो की आठवड्यातून एकदा तरी मगरिबला शटर ओढा आणि पोराची वही बघा. वाचता येत नसेल तरी चालेल, तो वाचून दाखवेल.

पुढची पालक सभा आम्ही जुम्याच्या दिवशी, नमाजनंतर अडीच वाजता घेऊन बघणार आहोत. त्या वेळी निम्मी दुकानं तशीही बंद असतात.