'पोस्ट' : शब्द एक, अर्थ अनेक

'मोत्यांचा सर', 'पावसाची सर' आणि 'गड सर करणे' यांतील 'सर' निरनिराळे आहेत, हे विद्यार्थ्यांस वाक्यावरून सहज उमगते. इंग्रजी शब्दाचा मात्र आपण एकच अर्थ पाठ करून घेतो आणि मूल तेथेच अडते.

'पोस्ट' हा शब्द पाहा. टपाल, खांब व हुद्दा असे त्याचे तीन प्रमुख अर्थ आहेत. खांब या अर्थाचा शब्द लॅटिन 'पोस्तिस'पासून आला. उरलेले दोन 'ठेवणे' या अर्थाच्या 'पोनेरे' या लॅटिन धातूपासून निघाले. पूर्वी वाटेवर टप्प्याटप्प्याने नेमून ठेवलेले स्वार पत्रे पुढे नेत. त्यावरून टपालास हे नाव पडले. तेव्हा 'गोलपोस्ट' म्हणजे टपाल असे सांगणाऱ्या मुलास दोष देऊ नये; आपण त्यास एकच अर्थ दिलेला असतो.

आता पी, ओ, एस, टी ही अक्षरे पुठ्ठ्याच्या चार तुकड्यांवर लिहून मुलांस जुळवावयास द्यावी. त्यांतून 'स्टॉप' म्हणजे थांबणे, 'स्पॉट' म्हणजे ठिपका, 'पॉट्स' म्हणजे भांडी व 'टॉप्स' म्हणजे भोवरे, असे शब्द होतात. मराठीत 'सर' उलटून 'रस' केला तरी स व र यांचे उच्चार बदलत नाहीत. इंग्रजीत मात्र 'पोस्ट'मधील 'ओ' 'स्टॉप'मध्ये 'ऑ' होतो.

यास्तव इंग्रजी शब्दाचा उच्चार सबंध शब्दावरून व अर्थ वाक्यावरून शिकवावा. अर्थ विचारताना शिक्षकांनी सुटा शब्द न देता वाक्यच फळ्यावर लिहावे.