एकदाच वापरावयाचे प्लॅस्टिक आणि गावाचे सहकार्य

दुकानातून घरी येईपर्यंत कामास येणारी पातळ पिशवी टाकून दिल्यावर वर्षानुवर्षे मातीत कुजत नाही. उष्ट्या अन्नासह ती गाईच्या पोटात गेली, तर पचत नाही. अशा पिशव्यांचा गोळा पोटात साचतो, चाऱ्यास जागा उरत नाही, दूध आटते आणि अखेरीस जनावर दगावते. पिशव्या जाळल्यास विषारी धूर होतो. तेव्हा तो उपाय नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे इत्यादी वस्तू देशभर निषिद्ध झाल्या. तथापि, केवळ कायद्याने गाव स्वच्छ होत नाही. एकट्याच दुकानदाराने पिशवी देणे बंद केले, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. सर्वांनी एकाच दिवसापासून बंद केले, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

असा एकविचार घडविण्यास शाळेने साहाय्य करावे. मुलांनी आठवडाभर शाळेच्या परिसरातील प्लॅस्टिकची प्रकारवार मोजणी करून तक्ता मांडावा. काचा व सुया यांना मात्र हात लावू देऊ नये. शिक्षकांनी हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवावा. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या बचत गटाने शिवाव्यात. लग्नकार्यासाठी ग्रामपंचायतीने स्टीलची ताटे व पेले सामाईक ठेवावेत. पळसाच्या पत्रावळी तर आहेतच.

महिन्याने पुन्हा मोजणी करावी. दोन्ही तक्ते शेजारी लावले, म्हणजे काय साधले आणि काय राहिले, हे मुलांस व गावास सहज कळेल.