पाठ फिरविणारा बैल

आमच्या मुळशी खोऱ्यांत बैल म्हणजे घरचें माणूस. भातखाचराची चिखलणी त्याच्या खांद्यावर, आणि पोळ्याच्या दिवशीं पुरणाचा घास आधीं त्याच्या मुखीं. अशा ठिकाणीं वाढलेल्या शाळामास्तरानें बैलांची झुंज पाहावयास जावें, हें वाचकांस विपरीत वाटेल. मलाही तें वाटलें होतें.

१९८८ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी गोव्यास, सासष्टींत एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. स्पेनमधील वृषभयुद्धांवर हेमिंग्वे यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेलें पुस्तक मीं नुकतेंच वाचलें होतें व त्याविषयींच आमचें बोलणें चाललें होतें. तिकडे एका खेळांत बहुधा तीन मातादोर आणि सहा बैल असतात. प्रथम घोडेस्वार भाल्यानें बैलाची मान दुर्बल करितात. मग तींत कांटेरी काठ्या रोवितात. अखेरीस लाल वस्त्रामागें धांवून थकलेल्या त्या जनावराच्या खांद्यांमधून तरवार आंत जाते. कौशल्य पसंत पडलें तर प्रेक्षक पांढरे रुमाल हालवून मातादोरासाठीं बैलाचा कान मागतात. एखाद्याच बैलास शौर्याबद्दल जीवदान मिळतें.

स्नेही म्हणाले, "मास्तर, आमच्या धिरयोंत माणूस लढत नाहीं, बैलाशीं बैल लढतो. एकदां डोळ्यांनीं पाहा तरी!"

कापणी झालेल्या शेतांत माणसांचेंच कडें उभें होतें. पैजा लागत होत्या. दोन बैल समोरासमोर आणले. क्षणभर त्यांनीं एकमेकांस हुंगलें, आणि शिंगांत शिंगें अडकलीं. पुढें बराच वेळ कांहींच घडत नव्हतें असें दुरून वाटावें. परंतु त्यांचे पाय मातींत रुतत होते, आणि श्वास आम्हांस ऐकूं येत होता. इतक्यांत कोणीतरी "मार, मार!" असें ओरडलें. तो आवाज माझाच होता. वर्गांत मुलांची मारामारी सोडविणारा मी, छत्री उगारून ओरडत होतों!

एकाएकीं तांबूस बैलानें शिंगें सोडविलीं, पाठ फिरविली, आणि माणसांचें कडें फोडून तो पळाला. खेळ तेथेंच संपला. लोक हंसले, मी मात्र शरमलों. आपलें पुरे झालें हें त्या मुक्या प्राण्यास कळलें होतें. मला तें कळलें नव्हतें.

स्पेनच्या रिंगणांतील बैलास ही पळण्याची वाट नसते. म्हणून धिरयो निर्दोष ठरत नाहीं. झुंजीस उभें राहण्यापूर्वीं बैलास कोण विचारतो? १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें त्यांस मनाई केली, तें योग्यच झालें.

परंतु गोव्याकडे बोट दाखवून आपणांस सुटतां येत नाहीं. आपल्या पुणें जिल्ह्यांतील बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर पुन्हां चालूं दिल्या, आणि १८ मे २०२३ रोजीं राज्याचा कायदा वैध ठरविला. चाबूक नको, टोंचणी नको, असे नियम आहेत. परंतु जुंपलेल्या बैलास पाठ फिरवितां येत नाहीं; त्याचा नकार मालकानेंच ओळखावयाचा असतो.

भागवतांत धर्म बैलाच्या रूपानें येतो. कलीनें त्याचे तीन पाय मोडलेले असतात. त्या तिहींपैकीं एक दया होय.

गेल्या वर्षीं तालुक्यांतील एका यात्रेंत मी शर्यती पाहावयास गेलों होतों. घाटाच्या तोंडाशीं एका गाड्याचा बैल अडला. लोक हुर्यो करूं लागले. मालकानें क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहिलें, मानेवरील जूं उतरविलें, आणि आपली बारी सोडून तो बैलास सावलींत घेऊन गेला. त्या दिवशीं घाटांत कोण पहिला आला, तें मला आठवत नाहीं. तो मालक मात्र चांगला स्मरतो.